काकांना सांगायचं राहिलं

देशाच्या क्रिकेट संघाचं कर्णधारपद मिळालं तेव्हा पोरगा बावीस वर्षांचा होता आणि त्याची आई अजून त्याच्या बॅगेत स्वतःच्या हातानं मोजे भरत होती. निवड समितीत पाच जण होते. पाचांच्या दहा गुडघ्यांपैकी चारच चालू स्थितीत होते, पण नजर मात्र सगळ्यांची भविष्याकडे होती. भविष्याकडे बघायचं म्हटलं की कुणातरी कोवळ्या पोराला पुढे ढकलावं लागतं. त्यांनी ढकललं. महिन्याभरात पोराचा चेहरा गाद्यांच्या, टूथपेस्टच्या आणि सिमेंटच्या जाहिरातींत दिसू लागला.

"सिमेंटचा आणि तुझा काय संबंध रे?" आईनं फोनवर विचारलं.

"मजबुती, आई."

"तुझी? पंखा जरा जोरात लावला तर शिंका येतात तुला."

संघाचे विकेटकीपर होते काका. ते कुणाचेच सख्खे काका नव्हते. वय सदतीस, पण क्रिकेटमध्ये सदतिसाव्या वर्षी माणूस एकदम पणजोबांच्या पंक्तीत जातो, त्यामानानं 'काका' म्हणणं सौम्यच. आधीचा कर्णधार निवृत्त झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता काकाच. काकांनाही वाटलं असणार. पण कीपरच्या चेहऱ्यावर हेल्मेटची जाळी असते, आणि काका ती बहुधा घरीही लावून बसत. पोराचं नाव जाहीर झालं त्या दिवशी त्याला पहिला फोन आला तो काकांचा.

"अभिनंदन. आजपासून मैदानावर तुला मी 'अहो' म्हणणार. खोलीत मात्र तू गाढव तो गाढवच."

काकांनी शब्द पाळला. मैदानावर ते स्टंपांच्या मागून अदबीनं ओरडत, "कॅप्टनसाहेब, थर्डमॅन जरा आत घेता का?" कॅप्टनसाहेब घेत. पायचीतचं अपील फेटाळलं गेलं की कॅप्टनसाहेब काकांकडे बघत. काकांनी मान डोलावली तर रिव्ह्यू, ग्लोव्हज झटकले तर नाही. पहिली मालिका अशीच पार पडली आणि वर्तमानपत्रांनी तरुण कर्णधाराच्या अचूक निर्णयशक्तीवर अग्रलेख लिहिले. काकांनी ते हॉटेलच्या नाश्त्याला मोठ्यानं वाचून दाखवले. "ऐका रे, 'उपजत जाण' म्हणतात याला. उपजत म्हणजे जन्मापासून. याच्या जन्माच्या वेळी मी शाळेच्या टीममध्ये होतो, म्हणून म्हणतो, तेव्हा काही दिसली नव्हती."

दुसऱ्या मालिकेच्या आदल्या दिवशी सराव संपल्यावर प्रशिक्षकांनी पोराला खोलीत बोलावलं. प्रशिक्षक शब्द असे वापरत, जणू ते त्यांच्या पेन्शनमधून कापले जाणार होते.

"काका नको. पोपट."

पोपट म्हणजे दुसरा कीपर. काकांचं बोट मोडलं होतं तेव्हा तो दोन कसोट्या खेळला होता आणि त्या दोन्ही कसोट्यांत एक मिनिटही गप्प बसला नव्हता. प्रतिस्पर्धी फलंदाजांनी पंचांकडे तक्रार केली होती. शिव्यांबद्दल नव्हे, आवाजाबद्दल.

"पण काका..." पोरगा म्हणाला.

प्रशिक्षकांनी लॅपटॉप फिरवला. पडद्यावर मागच्या मालिकेतले झेल होते. उजवीकडे, खाली, पायाशी. काकांचा हात दरवेळी बरोबर दिशेला जात होता आणि दरवेळी चेंडू तिथून नुकताच निघून गेलेला असे. एकामागून एक तीन. पोरगा बघत राहिला. निर्णय चुकीचा असता तर भांडता आलं असतं. तो बरोबर होता, हीच पंचाईत होती.

"सांगायचं तू," प्रशिक्षक म्हणाले.

ती त्या संघाची रीत होती. ज्याला वगळायचं त्याला कर्णधारानं स्वतः, त्याच्या खोलीत जाऊन, तोंडावर सांगायचं. फोन नाही, मेसेज नाही, दुसऱ्याला पाठवायचं नाही. आणि तेही आदल्या दिवशी, म्हणजे त्या माणसाला घरच्यांना आपल्या तोंडानं सांगता येतं.

"आणि बसायचं नाही," प्रशिक्षकांनी त्या दिवसाचा उरलेला सगळा शब्दसाठा खर्चून टाकला. "उभ्यानं सांगायचं. बसलास की चहा येतो. चहा आला की विषय जातो."

पोरगा काकांच्या दारात गेला. काका बनियनवर बसून ग्लोव्हजच्या बोटांमधली जाळी सुईदोऱ्यानं शिवत होते. शेजारी बर्फाचं भांडं होतं आणि डावा हात त्यात होता. शिवणकाम एका हातानं आणि दातांनी चाललं होतं.

"ये. बस. चहा सांगू?"

"नको, काका. मी फक्त..."

"अरे बस तर. उभा काय राहतोस वसुलीला आल्यासारखा?"

पोरगा बसला. चहा आला. काकांनी त्याला पाहुण्या संघाच्या सलामीच्या फलंदाजाबद्दल सांगितलं, मग त्याच्या स्वतःच्या फलंदाजीबद्दल सांगितलं, ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडताना तू कोपर फार उचलतोस, जणू बसमध्ये दांडा पकडलायस. पोरानं हातात रिकामा कप घेऊन कोपर खाली ठेवायचा सराव करून दाखवला. निघाला तेव्हा बाहेर जिन्यात त्याच्या लक्षात आलं की आपण आभार मानून आलो.

संध्याकाळी तो पुन्हा गेला. दार उघडंच होतं. काका फोनच्या पडद्यावर घरच्यांशी बोलत होते.

"आला बघ तुझा कॅप्टन," काका म्हणाले आणि फोन पोराच्या हातात दिला. पडद्यावर काकांची मुलगी होती. दहा-अकराची असावी, पुढचे दोन दात नवे आणि चेहऱ्याच्या मानानं जरा मोठे.

"दादा, उद्या मी शाळेला सुट्टी घेतलीय," ती म्हणाली. "पोट दुखणार आहे माझं."

"अगं, पोट असं आधी ठरवून दुखत नाही."

"बाबांचं बोट नाही का, मॅचच्या आधी बरोबर बरं होतं? तसंच. टॉसपासून बघणार आहे मी."

मागून काकूंचा आवाज आला, "मी काही ऐकलेलं नाही हं!"

पोरगा हसला, टाटा केला, फोन परत दिला. काका त्याच्याकडे बघत होते. "काही काम होतं?"

"नाही. ते... उद्या बस किती वाजता आहे?"

"बोर्डावर लावलंय की."

"हो, तेच. म्हटलं, तुम्ही बघितलं का."

जेवणाआधी तो एकदा आणखी त्या मजल्यावर गेला. या वेळी दारापर्यंतही पोचला नाही. गालिच्यावरच्या नक्षीतली एक चौकट त्यानं बराच वेळ न्याहाळली आणि परतला. स्वतःला त्यानं सांगितलं, आत्ता सांगितलं तर झोप लागणार नाही त्यांना. उद्या बसमध्ये शांतपणे सांगू. माणूस दुसऱ्याच्या झोपेची इतकी काळजी करतो तेव्हा ती बहुधा स्वतःची असते.

सकाळी बसमध्ये काकांनी त्याच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली होती. पोरगा बसला आणि त्यानं कानांत हेडफोन घातले. गाणं लावायचं राहिलं होतं. सबंध रस्ताभर त्यानं शांततेच्या तालावर मान हलवली.

मैदानावर उतरल्यावर प्रशिक्षकांनी विचारलं, "सांगितलंस?"

"हो," पोरगा म्हणाला.

आयुष्यात यापूर्वी तो खोटं बोलला नव्हता असं नाही. पण देशाचा कोट अंगावर घालून ही पहिलीच वेळ होती. टॉससाठी कोट घालावा लागतो. कोट त्याला खांद्यांत जरा मोठा होता; आईनं सांगितलं होतं, वाढत्या अंगाचा घे.

टॉस जिंकला. गोलंदाजी घेतली. समोर माईक धरून उभे होते ते एक माजी खेळाडू, आता समालोचक, त्यांचे दात जाहिरातीत असल्यासारखे होते. मैदानाच्या चारी बाजूंच्या कर्ण्यांतून त्यांचा आवाज घुमला.

"संघात काही बदल?"

पोरानं पलीकडे पाहिलं. सीमारेषेजवळ काका पॅड बांधून झेलांचा सराव करत होते.

"एक बदल," तो म्हणाला, आणि त्याचाच आवाज चारी बाजूंनी त्याच्या अंगावर आला. "आमच्या सीनियर कीपरना आम्ही... विश्रांती दिलीय."

विश्रांती हा शब्द त्याला आयत्या वेळी सुचला. थकलेल्या माणसानं मागायची गोष्ट असते ती. न मागणाऱ्याला दिली की तिचा अर्थ वेगळा होतो, हे भरलेल्या स्टेडियमला बरोबर समजलं. एक लांबलचक 'ओऽऽ' उठला.

त्याच क्षणी सहायकानं मारलेला चेंडू काकांकडे निघाला होता. उजवीकडे, खाली, पायाशी. काकांनी तो झेलला. मग उभे राहिले, कर्ण्याकडे एकदा पाहिलं, चेंडू सहायकाकडे परत टाकला आणि ग्लोव्हज काढत चालू लागले. मोठ्या पडद्यावर हे सगळं दिसत होतं. कॅमेऱ्यावाल्याला आपलं काम चांगलं येत होतं.

पोपट तयारच होता. त्याला प्रशिक्षकांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं आणि कुणाकडे बोलू नकोस असं बजावलं होतं. त्यानं पाळलंही. संघातला सगळ्यात बडबड्या माणूस गप्प बसला होता आणि ज्यानं बोलायचं तोही गप्प बसला होता.

खेळ सुरू झाला. अर्ध्या-पाऊण तासातच पाहुण्यांच्या सलामीच्या फलंदाजाच्या पॅडवर चेंडू आदळला. अपील झालं, पंचांनी नकारार्थी मान हलवली.

"घे, घे, घे!" पोपट नाचत म्हणाला. "प्लंब आहे, सरळ स्टंपासमोर, कॅप्टन, आई शप्पथ, घे!"

पण पोपट तेवढ्या वेळात असंच बरंच काही म्हणाला होता. पोराची मान सवयीनं वळली. स्टंपांच्या मागे नव्हे, कारण तिथे आता काका नव्हते. ती वळली थेट सीमारेषेकडे, जिथे राखीव खेळाडूंचा रंगीत बिब घालून, पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटशेजारी काका बसले होते.

काका खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. नाडी बांधलेलीच होती.

पोरानं घाईघाईनं दोन्ही हातांनी रिव्ह्यूची खूण केली. पंच जवळ आले. वयस्कर, शांत माणूस होता; पोराच्या शाळेतल्या गणिताच्या सरांसारखा दिसत होता आणि बोलतही तसाच होता.

"कॅप्टन, बाहेर बघून रिव्ह्यू मागता येत नाही."

"नाही, सर, मी बघितलं नाही."

"बघितलंत."

"म्हणजे बघितलं, पण विचारलं नाही."

"ते मला इथून कसं कळणार? नाकारतोय. आणि पुन्हा करू नका."

मग पडद्यावर चेंडूचा मार्ग दाखवला. मधल्या स्टंपावर, बरोबर मध्ये. स्टेडियम हसलं. हजारो लोक एकाच वेळी हसतात तेव्हा तो आवाज पाऊस येतानासारखा दुरून येतो, आणि भिजणारा एकटाच असतो.

पाणी प्यायची वेळ झाली. काका बाटल्या घेऊन आले. बाकीचे खेळाडू त्यांना बघून एकदम आपापल्या बुटांच्या, बोटांच्या आणि टोप्यांच्या कामाला लागले. पोराभोवती मोकळी जागा तयार झाली.

"पाणी घ्या, कॅप्टनसाहेब."

"काका, सॉरी."

"कशाबद्दल?"

"ते... टॉसला..."

"टॉस जिंकलात की तुम्ही. निर्णयही बरोबर घेतलात. खेळपट्टीत ओल आहे."

"काका, प्लीज."

"काय प्लीज? मला काही सांगायचंय का? मग सांगा. मला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. मी आपलं लोकांबरोबर ऐकलं."

पोरानं बाटली दोन्ही हातांत धरली. "तुम्ही या कसोटीत नाही."

"का?"

"उजवीकडचे खालचे झेल... हात उशिरा जातो. मागच्या मालिकेत तीन सुटले."

"चार," काका म्हणाले. "चौथा चेंडू बॅटची कड घेऊन आला होता, माझ्या ग्लोव्हजलाही लागला. तुम्हां कुणाला ऐकू आलं नाही, मी अपील केलं नाही. त्या दिवसापासून मला माहीत आहे." ते क्रेटमधल्या बाटल्या नीट लावू लागले. "काल तुम्ही दारात आलात तेव्हाच समजलं होतं मला. म्हणून तर बस म्हटलं. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे. माझीही चूक आहे त्यात."

पोराला एकदम हलकं वाटलं. तो काहीतरी बोलणार होता.

"पण दुसऱ्यांदा आलात तेव्हा मी विचारलं होतं, काही काम होतं का," काका म्हणाले. "तेव्हा मी तयार होतो. तुम्ही बसची वेळ विचारलीत. पोरगी टीव्हीसमोर बसली होती हो टॉसला. तिला मी सांगायचं होतं. रात्री फोनवर, हसतखेळत, काहीतरी जोक करून. ते तुम्ही सांगितलंत. कर्ण्यावरून."

"मी बोलू का तिच्याशी?"

"घरून निरोप आलाय, ती कुणाशीच बोलत नाहीये. पोट दुखतंय म्हणते. आता खरंच."

पंचांनी घड्याळाकडे बघितलं. काकांनी क्रेट उचललं. "ते स्लिपमधलं अंतर कमी करा," जाता जाता ते म्हणाले आणि मग थांबून, "नाही. तुम्ही बघा," असं म्हणून गेले.

दिवसअखेर पत्रकार परिषद होती. पाहुण्यांच्या त्या सलामीवाल्यानं शतक ठोकलं होतं. पोरगा टेबलाशी बसला. समोर माईकांचा गुच्छ, पाठीमागे गाद्यांच्या आणि सिमेंटच्या कंपन्यांची नावं. कुणीतरी विचारलं, "सीनियर कीपरना विश्रांती का दिली?"

"विश्रांती दिली नाही, वगळलं," पोरगा म्हणाला. "आणि मी त्यांना आधी सांगितलं नाही. आमच्यात रीत आहे, कॅप्टननं सांगायचं. मी त्यांच्या खोलीत गेलो आणि सांगायची हिंमत झाली नाही. त्यांनी टॉसला माईकवरून ऐकलं. त्यांच्या मुलीनंही. माझी चूक आहे. मी खोटंही बोललो कोचशी. मला लाज वाटते."

मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली, आणि बाकीच्यांनीही वाजवली. पत्रकारांनी पत्रकार परिषदेत टाळ्या वाजवणं हे अजून कुणाच्या पाहण्यात नव्हतं. पोरगा बाहेर आला तेव्हा त्याला बऱ्याच तासांनी पोटभर श्वास घेता आला. दाराशी प्रशिक्षक उभे होते. ते त्याच्याकडे बघत राहिले आणि एकही शब्द खर्च न करता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर त्याचा फोटो छापला. 'एवढ्या लहान वयात एवढा मोठेपणा.' 'चूक कबूल करणारा कर्णधार.' शेजारी, चौकटीत, काकांचा छोटा फोटो होता, ग्लोव्हज काढत चालतानाचा, पाठमोरा. खाली लिहिलं होतं, 'एका कारकिर्दीचा करुण शेवट.' आईचा मेसेज आला होता: 'वाचलं. सगळे फोन करून कौतुक करतायत. त्या काकांना फोन केलास का?'

पोरानं फोन केला नव्हता. त्यानं लिफ्टचं बटण दाबलं. दार उघडलं, आत काका होते, किट घेऊन, आणि हॉटेलात उतरलेले एक टक्कलवाले गृहस्थ. गृहस्थांच्या काखेत वर्तमानपत्र होतं. पोराला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"वा, वा! मन जिंकलंत हो तुम्ही. माझी मिसेस तर रडली तुमचं ते ऐकून."

"थँक यू," पोरगा म्हणाला. दुसरं काय म्हणायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

मग गृहस्थांनी काकांना ओळखलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला, आजाऱ्याच्या खोलीत येतो तसा. त्यांनी काकांच्या दंडावर हात ठेवला. "आणि तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. धीर धरा. सगळ्यांवर वेळ येते."

"हो, हो," काका म्हणाले. "धरलाय."

एक मजला खाली गृहस्थ उतरले. उतरतानाही त्यांनी मागे वळून काकांकडे एकदा हळहळत पाहिलं. दार मिटलं.

"काका, मी खरं तेच सांगितलं," पोरगा म्हणाला.

"हो. छान सांगितलंस." लिफ्ट मैदान नव्हतं, काका खोलीतल्यासारखं बोलत होते. "काल सकाळी मला नुसतं काढलं होतंस. पंधरा वर्षांत चार वेळा काढलंय मला, त्याचं काही नाही. संध्याकाळी तू मला बिचारा केलंस. पोरीच्या शाळेतून बाईंचा फोन आला घरी. म्हणाल्या, आज तिला सांभाळून घेऊ आम्ही."

"मला वाटलं, मी चूक कबूल केली तर..."

"कुणाकडे?"

पोरगा दारावरचे मजल्यांचे आकडे बघू लागला.

"मी त्याच मजल्यावर होतो रे रात्री. त्याच खोलीत. दार उघडं होतं."

लिफ्ट तळमजल्यावर थांबली. बाहेर फोटोग्राफरांची गर्दी होती. दोघांना एकत्र बघून ती पुढे सरकली. "दोघं एकत्र! दोघं एकत्र, प्लीज! काका, हात ठेवा ना त्यांच्या खांद्यावर!"

काकांनी किट खाली ठेवलं, पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि पंधरा वर्षं फोटोंत हसत आलेल्या माणसासारखं सराईतपणे हसले. कॅमेरे लखलखले.

"कॅप्टन, इकडे! जरा हसा की, कॅप्टन!"